बातम्यांवरून अर्थशास्त्र शिकवता येतं का? (अकरावी-बारावी, आपल्याकडची पोरं)

खडू_फळा
मंडळी, मी लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात बहुतेक कला शाखेची पोरं, निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांच्या घरची. विषयाची नावड ठरलेली. पुरवठ्याचं पत्रक फळ्यावर मांडलं की डोळे मिटायला लागतात. आणि हीच पोरं टपरीवर भेटली तर सोयाबीनचा बाजार समितीचा भाव वेगळा, तेलाच्या प्लँटचा भाव वेगळा, दोन्ही तोंडपाठ.

म्हणून २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर धडा बातमीपासून सुरू करायला लागलोय. आधी बातमी, मग व्याख्या, मग आकृती. यावरून स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, बातम्या सांगत बसलात तर पोर्शन कोण संपवणार? दुसरा म्हणतो, शेतमालाची कुठलीही बातमी काढा, तिसऱ्या वाक्याला सरकार येतं आणि चौथ्याला पक्ष.

तुमच्यापैकी कुणी असं शिकवलंय किंवा शिकलंय का? कुठल्या बातम्या चालतात, कुठल्या अंगाशी येतात? पुण्या-मुंबईतल्या शेअर बाजाराची उदाहरणं नकोत, ती पुस्तकात आहेत.

तिरकस
सर टपरीवर काय करत होते, ही खरी बातमी आहे.

गोदाकाठ
नांदेडला वरिष्ठ महाविद्यालयात आहे. बरीच वर्षं बातम्या वापरतोय. चालतं, पण एक अडचण सांगतो. मथळ्यात उत्तर आधीच लिहिलेलं असतं. 'ग्राहकांना दिलासा' किंवा 'शेतकऱ्यांना फटका'. पोरं तेच उचलतात आणि विचार तिथंच संपतो.

त्यामुळे मी एक सुटी बातमी कधी घेत नाही. एकाच मालाची मालिका घेतो. कांदा बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० वर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. पुस्तकात 'इतर परिस्थिती कायम असताना' म्हणतात, ती कायम कधीच नसते, पण इथं एकच कळ कुणीतरी खालीवर करतंय आणि आपण नुसतं बघायचंय. प्रत्येक तारखेला पोरांना थांबवायचं: आता लासलगावात काय होईल, दुबईत काय होईल, आणि तुझ्या आईच्या भाजीत काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाला लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, ती आपोआप निघते. भाव दुप्पट झाला तरी आई कांदा निम्मा करत नाही.

आडतीवरचा
लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. सर, तुमच्या पुस्तकातला नियम यंदा आम्हाला जरा समजावून सांगा. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं सोयाबीन पार धुऊन नेलं. मांजरा, तेरणा, सीना, सगळ्या पात्राबाहेर. शेंगाला जागेवर कोंब फुटले. म्हणजे पुरवठा कमी. मग भाव चढायला पाहिजे की नाही? हमीभाव ५३२८ आणि सौदा निघतोय त्याच्या कितीतरी खाली. तुमच्या वर्गातल्या पोरानं हेच विचारलं तर?

खडू_फळा
@आडतीवरचा, विचारलंच की हो! म्हणून तर हा धागा काढला. पोरगं शेवटच्या बाकावरचं, एरवी तोंड उघडत नाही. "सर, माल कमी तर भाव जास्त असं तुम्हीच सांगितलं ना, मग पप्पाला का नाही भेटला?"

बांधावरचा
काय सांगायलाव सर. पोराला म्हणावं व्यापारी सगळे एक झालेत. ह्याच्यात कसलं आलंय अर्थशास्त्र. चार जण चहा पितात आन भाव ठरतो.

आडतीवरचा
@बांधावरचा, दादा, चहा आम्ही रोज पितो, तुम्हीबी पिता आमच्याकडंच. २०२१ ला ऑगस्टात सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं होतं, तवा आम्ही काय चहा सोडला होता का?

तिरकस
चहाची मागणी अलवचिक आहे, टिपून घ्या पोरांनो.

पेंड_आणि_तेल
मी लातूरजवळच्या एका तेल प्रकल्पात खरेदी विभागात होतो, आता स्वतःचं काम बघतो. आडतीवरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. लांबेल.

सोयाबीन कुणी खायला विकत घेत नाही. ते गाळपाला जातं. ढोबळमानानं क्विंटलमागं १८ किलो तेल निघतं आणि ८० च्या आसपास पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव हा तेलाचा भाव अधिक पेंडीचा भाव, वजा कारखान्याचा खर्च आणि नफा. शेतकरी आभाळाकडे बघतो, पण प्लँटवाला सकाळी उठून या दोन भावांकडे बघतो.

तेल: आपण खाद्यतेलाचा मोठा भाग बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. तेव्हा यार्डात थोडी जान आली होती. ३० मे २०२५ ला ते २० वरून १० वर आणलं. पेरणीच्या तोंडावर.

पेंड: ही जास्त महत्त्वाची. पेंड जाते कोंबड्यांना. आता मका आणि तांदळापासून इथेनॉल करणारे कारखाने देशभर झालेत. त्यांच्याकडं जो चोथा उरतो तो वाळवून पशुखाद्य म्हणून विकतात, बाजारात त्याला डीडीजीएस म्हणतात. प्रथिनं चांगली, भाव पेंडीपेक्षा कमी. पोल्ट्रीवाल्यानं पेंड कमी करून ते वापरायला सुरुवात केली. निर्यातीत आपली पेंड ब्राझील-अर्जेंटिनाच्या पेंडीपुढं महाग पडते.

म्हणजे लातुरात पाऊस जास्त झाला तरी जगात सोयाबीन भरपूर आहे, आणि कोंबडीला दुसरं खाद्य मिळालंय. मागणी-पुरवठ्याचा नियम खोटा ठरलेला नाही. बाजार कुठं संपतो याची रेघ आपण तालुक्याच्या शिवेवर मारली, ती चुकली.

रब्बी
जबरदस्त. पण हे बारावीच्या कलेच्या पोराला? डीडीजीएस? माझ्या डोक्यावरून गेलं आणि मी बी.कॉम. आहे.

गोदाकाठ
@रब्बी, का नाही? बारावीच्या पुस्तकात मागणीचे प्रकार आहेत. अप्रत्यक्ष मागणी, स्पर्धात्मक मागणी. तिथं आपण वर्षानुवर्षं विटा-सिमेंट आणि चहा-कॉफी सांगतो. त्याऐवजी सांगा, सोयाबीनची मागणी म्हणजे खरं तर कोंबडीची मागणी, आणि चहाऐवजी कॉफी तशी पेंडीऐवजी इथेनॉलचा चोथा. संकल्पना तीच, पोरगं मात्र जागं राहील.

बांधावरचा
म्हंजे आमच्या शेजारी मका लावलाय त्यानं आमचं सोयाबीन पाडलं म्हणा की.

पेंड_आणि_तेल
@बांधावरचा, थोडंफार तसंच. आणि शेजाऱ्यानं मका का लावला? कारण इथेनॉलनं मक्याला उठाव आणला. आता पुढच्या वर्षी तुम्हीही मका लावाल.

बांधावरचा
बियाणं बघून ठेवलंय.

गोदाकाठ
हेच ते! तुरीत असंच झालं. २०२४ ला तूर दहा हजाराच्या पुढं होती. सगळ्यांनी पेरा वाढवला, वरून आयात शुल्कमुक्त. २०२५ ला हमीभाव ७५५० आणि बाजार त्याच्याही खाली. गेल्या वर्षीच्या भावावर या वर्षीची पेरणी ठरते आणि माल येतो तेव्हा भाव दुसराच असतो. टोमॅटोचं २०२३ मधलं आठवा. जुलैत काही शहरांत किलोला दोनशेपर्यंत गेला, आणि सप्टेंबरात लोक रस्त्यावर ओतत होते. आधी एक कात्रण द्या, दोन महिन्यांनी दुसरं द्या. मधली गोष्ट पोरांनी सांगायची.

सांजवात_बीड
बीड जिल्ह्यात शिकवते. धागा छान चाललाय, पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दिवाळी झाली की आमच्या वर्गातली निम्मी पोरं आजी-आजोबांकडे असतात, आई-वडील साखर कारखान्याला ऊसतोडीला गेलेले. काही पोरी स्वतःच जातात, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि आई आजारी असेल तर कोयता अर्धा राहतो. एका वर्षी मी मजुरीचा धडा घेताना ऊसतोड दरवाढीची बातमी वाचून दाखवली. वाटलं होतं, पोरं बोलतील. वर्ग गप्प. एका पोरीनं वही मिटली. तास संपल्यावर ती म्हणाली, "मॅडम, सगळ्यांना कळलं ना आता आमची उचल किती आहे ते." उचल म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे. मी आकडा कुणाचाही सांगितला नव्हता. पण मुकादम एकच, गाव एकच, लोक हिशोब लावतातच.

त्यामुळे माझा नियम झाला. बातमी जितकी जवळची तितकी ती पोरांच्या घरात शिरते. भाव, शुल्क, व्याजदर यावर बिनधास्त बोला. पण आत्महत्येची बातमी, कर्जमाफीच्या यादीची बातमी, कुणाच्या घरी किती हप्ता येतो, हे फळ्यावर आणू नका. पोरीच्या घरचं दुखणं हे आपलं उदाहरण नाही.

ऊसतोड शिकवायचीच तर मी आता उलटीकडून जाते. कारखान्याकडून. उसाला रास्त भाव टनामागं किती (२०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, ३५५० रुपये), साखरेची किमान विक्री किंमत २०१९ नंतर वर्षानुवर्षं किलोला ३१ रुपयांवर का अडकली, मग कारखाना तोडणीचा खर्च का दाबतो. आणि मग विचारते, मजुराला पैसे आधी देऊन ठेवणारा एकच माणूस असेल तर मजूर भाव करू शकतो का? खरेदीदार एकच असलेला बाजार पोरांना चटकन कळतो. कुणाचं नाव येत नाही.

मराठवाडी_इन_पुणे
@सांजवात_बीड, आदर ठेवून असहमत. माझे आई-वडील दोघंही तोडीला होते. शाळेत बारा वर्षं कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुस्तकात उद्योगपती, दुकानदार, ग्राहक. आम्ही कुठंच नव्हतो. मला वाटायचं आमचं काम अर्थशास्त्रात मोजतच नाहीत. कुणी एकदा फळ्यावर 'उचल' लिहून तिच्यावर व्याज कुठं लपलेलं असतं ते दाखवलं असतं, तर मला लाज वाटली नसती, राग आला असता. तो जास्त उपयोगाचा.

सांजवात_बीड
@मराठवाडी_इन_पुणे, तुमचं म्हणणं पोचलं. पण तुम्ही आज तिशीत, पुण्यात बसून बोलताय. सतरा वर्षांच्या पोरीला पुढच्या बाकावरच्या मुकादमाच्या पोरासमोर राग परवडतो का? व्याज लपलेलं दाखवते मी. नाव न घेता.

उदगिरी_चिवडा
विषय जड झालाय, जरा सोन्याकडे वळू. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमला लाखाच्या पुढं गेलं, तरी आमच्या गल्लीतल्या सराफाकडं गर्दी. मागणीचा नियम कुठं गेला? सर, हे गिफेन का काय?

खडू_फळा
@उदगिरी_चिवडा, गिफेन नाही. गिफेन म्हणजे गरिबाची हलकी वस्तू, जसं ज्वारीच महागली, मग भाजी परवडेना म्हणून भाकरीच जास्त खाणं. सोन्यात दोन गोष्टी मिसळल्यात. एक, भाव अजून चढेल या अंदाजानं केलेली खरेदी. दुसरी, लग्न. लग्नात भाव वाढला तर वजन कमी होतं, दागिन्यांची संख्या तीच राहते. तुमच्या सराफाला विचारा, गर्दी तेवढीच आहे का ग्रॅम तेवढेच आहेत.

उदगिरी_चिवडा
विचारलं. म्हणाला, मंगळसूत्राचे मणी तेवढेच, वाट्या पातळ झाल्यात. आणि अर्ध्याच्या वर गर्दी जुनं मोडून नवं करणाऱ्यांची.

निवृत्त_बँकवाला
परभणीहून. सोन्यावरून आठवलं, महागाईच्या बातमीबद्दल कुणीच लिहिलं नाही. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आला. २०१२ पायाभूत वर्षाची ती मालिका सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी. माझ्या नातवानं विचारलं, "आजोबा, म्हणजे स्वस्त झालं ना?" मी म्हटलं, आजीला विचार. आजी म्हणाली, "तेल कुठं स्वस्त झालंय?"

आता ही बातमी वर्गात सोन्यासारखी. निर्देशांकाचा धडा बारावीला आहेच. त्या मालिकेत खाण्यापिण्याला सुमारे ४६ टक्के भार होता. भाज्या आणि डाळी गेल्या वर्षीपेक्षा बऱ्याच उतरल्या, त्यांनी अख्खा आकडा खाली ओढला. तेल चढलेलं होतं, सोनं चढलेलं होतं, ते त्यात बुडालं. शिवाय दर कमी म्हणजे भाव कमी नव्हे, चढण्याचा वेग कमी, हेही इथंच समजावता येतं. आणि खरा प्रश्न पुढंच आहे. डाळ उतरली हे शहरातल्या नोकरदाराला चांगलं. जालन्यात तूर विकणाऱ्याला? एकाची महागाई कमी होते ती दुसऱ्याच्या उत्पन्नातून.

रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, उतरवत आणला. फेब्रुवारी २०२५ पूर्वी ६.५ होता, डिसेंबर २०२५ ला ५.२५ झाला. गृहकर्जवाला खूश. माझ्यासारखा मुदत ठेवीवर जगणारा नाखूश. नाणे बाजाराचा धडा असा दोन म्हाताऱ्यांच्या भांडणात शिकवा, पोरं विसरणार नाहीत.

जाता जाता एक. आमचे वडील निजामाच्या राज्यात वाढले. मराठवाड्यात तेव्हा हाली रुपया चालायचा, इंग्रजांचा कलदार वेगळा. सात हाली म्हणजे सहा कलदार. सोलापूरला माल विकायला गेलं की हिशोब बदलायचा. हाली १९५९ पर्यंत चलनात होता, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शननंतरही दहाएक वर्षं. परकीय चलनाचा विनिमय दर शिकवायला डॉलर कशाला लागतो? घरात कुणी नव्वदीचं असेल तर पोरांना विचारून यायला सांगा.

तिरकस
आजोबा, आमच्याकडं बातम्यांवर धागा आहे, १९५९ ची बातमी जरा शिळी झाली.

निवृत्त_बँकवाला
@तिरकस, नोटबंदी ताजी वाटते का तुम्हाला? तीही २०१६ ची. २०२५-२६ ला बारावीत असलेलं पोर तेव्हा तिसरीत होतं. बातमी कुणासाठी ताजी हे पण बघायला लागतं.

बारावी_ब
नमस्कार. मी स्वतः बारावीला आहे, हिंगोली जिल्हा. सर लोकांनो, राग मानू नका, पण आम्ही पेपर वाचत नाही. घरी येतच नाही. बातमी येते ती ग्रुपवर. 'सोयाबीन १० हजार होणार, विकू नका.' हे दर वर्षी येतं. काका त्याच्यावर विश्वास ठेवून दोन वर्षं कट्टे घरात थप्पी लावून बसलेत. उंदरांनी फोडले.

अजून एक. बातमीवरून शिकवलेलं समजतं. पण पेपरात 'सहमत आहात का सकारण स्पष्ट करा' आलं की तिथं सोयाबीन लिहायचं का 'क्ष वस्तू' लिहायचं तेच कळत नाही. गाइडमध्ये सोयाबीन नाही.

गोदाकाठ
@बारावी_ब, तुझ्या काकांचे कट्टे हे पुरवठ्याच्या धड्यातलं सर्वांत मोठं उदाहरण आहे. साठा आणि पुरवठा यातला फरक. घरात आहे तो साठा, विकायला काढला तो पुरवठा. २०२१ चा दहा हजार डोळ्यांपुढं आहे म्हणून काका साठा सोडत नाहीत. त्या वर्षी पुढं काय झालं तेही काकांना सांग. ऑगस्टमध्येच १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि डिसेंबरात सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले.

आडतीवरचा
@बारावी_ब, काकांना शेतमाल तारण सांग बाबा. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, सोयाबीनला किमतीच्या ७५ टक्के रक्कम मिळते, सहा महिन्यांसाठी, सहा टक्क्यांनी. उंदीर तरी आमचे, तुमचे नाहीत.

रब्बी
आणि ते 'दहा हजार होणार' फॉरवर्ड शिकवायला भारी आहे की. तारखेसकट वहीत उतरवून घ्या आणि महिन्यानं उघडा. कुणाचा अंदाज किती चुकला. बातमी आणि अफवा वेगळी करायची सवय लागली तर अर्थशास्त्र नाही आलं तरी चालेल.

पेपर_तपासनीस
@बारावी_ब, वीसेक वर्षं बारावीचे पेपर तपासतोय. व्याख्या अचूक लिही, मग उदाहरण सोयाबीनचं दे नाहीतर सफरचंदाचं. मी तरी स्वतःचं उदाहरण दिसलं की थांबून वाचतो, कारण आधीच्या पन्नास उत्तरपत्रिकांत सफरचंदच असतं. फक्त बातमीच लिहून व्याख्या सोडलीस तर गुण नाहीत. आणि सर लोकांना सांगतो, ही तक्रार खरी आहे. बातम्यांवर शिकलेली पोरं गप्पा छान लिहितात, 'इतर परिस्थिती कायम असताना' मात्र लिहीत नाहीत.

खडू_फळा
@पेपर_तपासनीस, हे महत्त्वाचं. स्टाफरूममधल्या पहिल्या तटाचं नेमकं हेच म्हणणं होतं, मला वाटलं ते पोर्शनबद्दलच रडतायत.

परवा एक करून बघितलं, ते सांगतो. बातमी बाजूला ठेवली. पोरांना घरातली यार्डाची हिशोबपट्टी आणायला सांगितली, नाव-गाव घडी घालून झाकून (सांजवात मॅडमचा मुद्दा लक्षात ठेवला). एक पट्टी फळ्यावर उतरवली. वजन, भाव, मग खाली हमाली, तोलाई, आणि सगळ्यात खाली हाती आलेली रक्कम. एका पोरानं विचारलं, "सर, हे पप्पाच्या पट्टीवर भाव चारशेनं कमी का? एकाच दिवशीची आहे." शेजारच्यानं उत्तर दिलं, "हवा जास्त असंल." हवा म्हणजे ओलावा हे मला माहीत होतं, पण तिथून पोरं स्वतःच सरकारी खरेदीच्या १२ टक्क्यांच्या अटीवर आली. २०२४ च्या नोव्हेंबरात ती १५ पर्यंत सैल केली होती, ही बातमी एकाला आठवत होती. मग कुणीतरी म्हणालं, पावसात भिजलेला माल १२ ला बसणारच नाही, मग हमीभाव कागदावरच. इथं मी थांबवलं आणि 'एकजिनसी वस्तू' फळ्यावर लिहिलं. पूर्ण स्पर्धेची अट. तुमच्या दोन पट्ट्यांवरचा माल एकजिनसी आहे का? नाही. मग हा बाजार पूर्ण स्पर्धेचा आहे का?

पुढची दहा मिनिटं मला बोलावंच लागलं नाही.

मराठवाडी_इन_पुणे
आणि चौथ्या वाक्यातला पक्ष? तो आला का?

खडू_फळा
आला. "सगळं ह्या सरकारमुळं." दुसरा म्हणाला, "मागच्यानं काय केलं?" मी मध्य प्रदेश आणला. तिथं २०२५ ला सोयाबीनला भावांतर होतं, म्हणजे माल खुल्या बाजारात विकायचा आणि हमीभावापर्यंतचा ठरवलेला फरक सरकार खात्यात टाकतं. आपल्याकडं सरकार केंद्रावर माल घेतं. दोन्हीकडं सत्ता एकाच पक्षाच्या नेतृत्वाची, मार्ग मात्र दोन. त्यामुळे पक्षावरची गाडी आपोआप थांबली आणि कुठल्या पद्धतीत खर्च कुणावर पडतो यावर आली.

पेंड_आणि_तेल
@खडू_फळा, ही युक्ती आवडली. त्यात एक प्रश्न जोडा. भावांतर असलं की व्यापारी मुद्दाम भाव खाली बोलेल का, कारण फरक कसाही सरकार भरणार आहे?

आडतीवरचा
आता आमच्यावरच आलात का फिरून! बरं, वाद घालत बसण्यापेक्षा पोरांना घेऊन यार्डात या. सौदा निघायच्या आधी या, म्हणजे बोली बघायला मिळेल. नंतर आलात तर नुसता काटा आणि हमाल दिसतील. चाळीस पोरं एकदम नका आणू, ढिगात पाय देतात, आन मग हमाल मला बोलतात. दहा-दहा आणा.

बांधावरचा
चहा हाय का?

आडतीवरचा
पोरांना हाय. तुम्ही पेंडीचा भाव सांगा आधी.